शेवटच्या रांगेतला फोन

कार्यशाळेला निघताना माझ्या पिशवीत एक जुना फोन असतो. वरच्या कोपऱ्यात काच तडकलेली, २ जीबी रॅम, १६ जीबी साठवण आणि त्यातलीही बरीचशी आधीच भरलेली. पुण्यात तपकीर गल्लीजवळच्या एका दुकानातून मी तो वापरलेला असा विकत घेतला. दुकानदार भला माणूस होता. "मॅडम, हजारभर जास्त घाला, याच्यापेक्षा कितीतरी चांगला देतो," असं दोनदा म्हणाला. पण मला तोच हवा होता. तसाच फोन मी एका सभागृहात शेवटच्या रांगेत पाहिला होता.

शिकवायला उपयोगी असं एखादं मोफत ॲप कुणी सुचवलं की मी ते आधी या फोनवर उघडते. घरातलं वायफाय बंद करते, मोबाईलचा डेटा चालू करते आणि पान पुरतं उघडेपर्यंत घड्याळाकडे बघत बसते. खातं मागतंय का, नंबर मागतंय का, कोणतं बटण इंग्रजीत आहे, कुठे येऊन फोन अडकतो, हे सगळं वहीत लिहिते. गेली काही वर्षं शिक्षक, अंगणवाडी सेविका, बचत गटातल्या बायका यांची प्रशिक्षणं घेणं हेच माझं काम आहे. त्याआधी बरीच वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. साधनांची मला पहिल्यापासून हौस. पण साधन निवडायचं कसं, हे मला फार उशिरा कळलं.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. भोर तालुक्यातल्या एका गावात सेविकांची कार्यशाळा होती. स्वारगेटहून एसटीनं निघाले, कापूरहोळला वळल्यावर दोन्ही बाजूंना भाताला लोंब्या धरलेल्या दिसत होत्या. ग्रामपंचायतीचं सभागृह, ३४ सेविका, त्यांच्या पर्यवेक्षिका, एक प्रोजेक्टर, एक एक्स्टेन्शन बोर्ड. विषय पूरक आहाराचा: सहा महिने पूर्ण झाल्यावर बाळाला वरचं अन्न कधी, किती, किती पातळ, दिवसातून कितीदा.

सुरुवात प्रश्नमंजूषेनं करायची असं मी ठरवलं होतं. पडद्यावर प्रश्न येतो, प्रत्येकीनं आपल्या फोनवर उत्तराचा रंग दाबायचा, लगेच पडद्यावर गुण दिसतात, संगीत वाजतं. आदल्या आठवड्यात कोथरूडला बारा प्रशिक्षकांच्या बैठकीत मी ते ॲप वापरलं होतं. लहान मुलांसारखे सगळे खुर्चीतून पुढे सरकले होते. मोफत होतं, सुंदर होतं. मग भोरला का नाही?

भोरला पहिली दहा मिनिटं दुवा पोचवण्यात गेली. काहींचा नेटपॅक संपलेला होता, त्यांना मी हॉटस्पॉट दिला. काहींच्या फोननं ब्राउझर अद्ययावत करा म्हणून हटून धरलं. सहा आकडी कोड टाकायच्या जागी दोघींनी आपला पिनकोड टाकला, आणि त्यांचं चुकलं असं मला आजही वाटत नाही, कारण त्या चौकटीवर मराठीत एक अक्षर नव्हतं. निम्म्याच्या आसपास जणी आत आल्या आणि पडद्यावर इंग्रजीत सूचना झळकली: मोफत योजनेत यापुढे कुणाला घेता येणार नाही. ही मर्यादा मी वाचली नव्हती. बारा जणांच्या बैठकीत ती आडवी आलीच नव्हती.

मी धावपळ करत होते, दोघी-दोघींनी एक फोन वापरा म्हणून सांगत होते, तेव्हा शेवटच्या रांगेतल्या एक वयस्क ताई आपला फोन रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवताना दिसल्या. मी जवळ गेले. त्या शांतपणे म्हणाल्या, "मॅडम, माझा फोन साधाच आहे. तुमचं चालू द्या."

पुढचे दोन तास त्या एक शब्द बोलल्या नाहीत. चहाच्या वेळी मात्र मी त्यांना एका नव्या सेविकेशी बोलताना ऐकलं. "पेज घट्ट कर गं," त्या सांगत होत्या. "चमच्यावरून ओघळली तर बाळाच्या पोटात नुसतं पाणीच जातं. चमचा तिरपा केला तरी राहिली पाहिजे." माझ्या बाराव्या स्लाइडवर हेच होतं, रंगीत चित्रासह, चार ओळींत. या ताईंनी ते एका वाक्यात सांगितलं, आणि तेही चहाच्या कपावर, सगळ्यांसमोर नाही. बावीस वर्षं त्या अंगणवाडी चालवत होत्या. त्या सभागृहात पूरक आहाराबद्दल सगळ्यात जास्त ज्यांना माहीत होतं, त्यांना माझ्या साधनानं दाराबाहेर बसवलं होतं.

परतीच्या एसटीत मी हिशेब करत राहिले. प्रश्नमंजूषेच्या त्या खटाटोपात ३४ जणींची प्रत्येकी ४० मिनिटं गेली, म्हणजे जवळजवळ २३ तास. मला खर्च शून्य आला होता, खरं आहे. पण त्या २३ तासांचं बिल कुणी भरलं? ज्यांचा डेटा गेला त्यांनी. आणि रुमालात गुंडाळून ठेवलेल्या त्या फोननं जे भरलं, त्याला रुपयांत मोजायची सोय नाही.

तेव्हापासून "मोफत" या शब्दाशी मी थबकते. आपल्याकडे त्यासाठी तीन शब्द आहेत. फुकट, फारसीतून आलेला मोफत, आणि मुक्त. इंग्रजीत मोफत आणि मुक्त या दोन्हींना एकच शब्द पडतो. रिचर्ड स्टॉलमननं १९८३ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरची हाक दिली, तेव्हापासून त्या चळवळीतल्या लोकांना सारखा खुलासा करावा लागला की आम्ही किमतीबद्दल बोलत नाही, स्वातंत्र्याबद्दल बोलतोय: वापरण्याचं, आत काय आहे ते बघण्याचं, दुसऱ्याला देण्याचं, बदलण्याचं. मराठी माणसाला हा खुलासा लागू नये. शब्दच वेगळे आहेत.

आणि पुण्याच्या माणसाला तर हा फरक हौदावरून कळायला हवा. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून शहरात पाणी आणलं गेलं, पेठांमधून हौद बांधले गेले. पाण्याला पैसे पडत नव्हते. तरीही ज्यांना अस्पृश्य ठरवलं होतं त्यांना त्या पाण्याला शिवता येत नव्हतं. १८६८ मध्ये जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद त्यांच्यासाठी खुला केला. गंज पेठेतल्या फुलेवाड्यात शाळेतल्या मुलांना घेऊन मी कितीदा गेले आहे, त्या हौदापाशी उभी राहून हीच गोष्ट सांगितली आहे. जातीच्या त्या क्रौर्याची आणि एका ॲपच्या मर्यादेची बरोबरी मी करत नाही, करणं अपराध होईल. पण पाणी फुकट असणं आणि पाणी सगळ्यांना मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी वर्षानुवर्षं मुलांना शिकवलं, आणि स्वतः साधन निवडताना मात्र पहिल्यावरच थांबले.

मुक्त म्हटलं की पुढचं सगळं सोपं होतं असंही नाही. मूडल घ्या. अभ्यासक्रम ऑनलाइन मांडायला जगभर वापरलं जाणारं हे मुक्त सॉफ्टवेअर मार्टिन डूगियामस या ऑस्ट्रेलियन माणसानं सुरू केलं, पहिली आवृत्ती २००२ मध्ये आली. त्याचं बालपण पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातल्या वस्तीत गेलं आणि प्राथमिक शाळा चक्क रेडिओवरून झाली. बाई शेकडो मैलांवर, आवाज खरखरत येणारा, आणि समोर वही उघडून बसलेलं एक पोर. हे कळल्यावर मला त्या सॉफ्टवेअरबद्दल फार आपुलकी वाटली. रेंज नसलेल्या मुलाचं दुःख ज्यानं भोगलंय त्यानं ते बनवलंय. तरीही माझ्यासारख्या एकट्या-दुकट्या प्रशिक्षकानं मूडल उभारावं असं मी म्हणणार नाही. त्याला सर्व्हर लागतो, तो सांभाळणारं कुणी लागतं, बॅकअप लागतो. संस्था मोठी असेल, संगणकातलं कळणारा एखादा मुलगा किंवा मुलगी पगारावर असेल, तर जरूर. दोन दिवसांच्या कार्यशाळेसाठी ते घरच्या हळदीकुंकवाला मंगल कार्यालय घेण्यासारखं होईल.

ऑनलाइन बैठकींचं मी थोडक्यात सांगते, कारण लोक तिथेच फार अडकतात. झूमवर मोफत बैठक ४० मिनिटांत संपते, गूगल मीटवर तिघे किंवा जास्त जण असतील तर ६० मिनिटांत, आणि दोन्हीकडे १०० जण मावतात. जित्सी हे मुक्त सॉफ्टवेअर. त्याच्या मोफत संकेतस्थळावर पूर्वी कुणालाच खातं लागत नसे, ऑगस्ट २०२३ पासून खोली उघडणाऱ्याला लागतं, येणाऱ्यांना अजूनही लागत नाही. माझ्या मते यातलं कुठलंही चालतं. पडद्यासमोर सलग ४० मिनिटांपेक्षा जास्त बसवणं कुणालाच सोसत नाही. मी ३५ मिनिटं बोलते, मग २० मिनिटं सुट्टी देते, तेवढ्यात कुणी कुकर लावतं, कुणी पोराला शाळेत सोडून येतं. परत येताना सगळ्या ताज्या असतात.

खरा अडसर खात्याचा असतो. "आधी साइन इन करा" ही चार शब्दांची ओळ पुण्यात बसून किरकोळ वाटते. गावात एखाद्या ताईंना विचारा, तुमचं जीमेल कोणतं? फोन घेतला तेव्हा दुकानातल्या मुलानं काढून दिलेलं असतं, पासवर्ड त्यालाच ठाऊक. ओटीपी येतो तो घरातल्या दुसऱ्या नंबरावर, आणि तो फोन असतो मुलाच्या खिशात, मुलगा शिरवळच्या कंपनीत पहिल्या पाळीला. ताई ओटीपीसाठी मुलाला फोन लावतात, तो उचलत नाही, मग त्या ओशाळून माझ्याकडे बघतात. ते ओशाळणं बघवत नाही. रोज पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर मुलांच्या नोंदी करणारी, वजनं-उंची भरणारी ही बाई, फोन तिला येत नाही असं कोण म्हणेल? तिच्या हातात नसलेली किल्ली आपण मागतो आणि कुलूप उघडलं नाही म्हणून तिला अडाणी समजतो.

म्हणून माझ्या वहीत पहिला रकाना हाच आहे: शिकणाऱ्याला खातं लागतं का? लागत असेल तर बहुतेक वेळा मी पुढे वाचत नाही. काही ठिकाणी थोडी काळजी घेतली की ते टाळता येतं. गूगल फॉर्म मराठीत छान होतो, कुणालाही भरता येतो. पण त्यात "फोटो किंवा फाइल जोडा" असा एक जरी प्रश्न घातला, किंवा एकीनं एकदाच भरावं अशी अट ठेवली, तर भरणाऱ्याला गूगल खात्यातून आत यावंच लागतं. तो एक प्रश्न काढून फोटो वेगळे मागवले की फॉर्मचं दार पुन्हा उघडं. अशा बारीक गोष्टी कुठल्याही जाहिरातीत नसतात, त्या त्या फोनवर करूनच कळतात.

दुसरा रकाना नंबरचा. इथे माझ्या हातून एक मोठी चूक झाली आहे, ती सांगायलाच हवी. एका तुकडीचा मी व्हॉट्सॲप ग्रुप केला होता, ६० जण, त्यात शिक्षकही होते, मदतनीसही. ग्रुपवर सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात, हे मला माहीत होतं, त्यात वावगं काही वाटलं नव्हतं. आठवड्याभरानं एक तरुण मदतनीस न बोलता ग्रुपमधून बाहेर पडली आणि पुढच्या सत्राला आलीच नाही. नंतर पर्यवेक्षिकांकडून कळलं की ग्रुपमधलाच कुणीतरी तिला रात्री साडेदहा-अकराला निरोप पाठवत होता, आणि घरी नवऱ्यानं फोनच काढून घेतला होता. ती शिकायला आली होती. मी तिचा नंबर ५९ जणांच्या हातात ठेवला होता, तिला न विचारता.

आता मी व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट यादी वापरते. तिच्यात २५६ जण बसतात, निरोप प्रत्येकीला एकटीला मिळतो, कुणाचा नंबर कुणाला दिसत नाही. एकच अट आहे, ज्यांनी आपला नंबर साठवून ठेवलाय त्यांनाच तो निरोप पोचतो. म्हणून कार्यशाळेची पहिली पाच मिनिटं माझा नंबर साठवण्याची. शाळेतल्या मुलांबाबत तर मी आणखी सावध असते. १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी, असं २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात म्हटलं आहे. शिक्षक मला विचारतात, मुलांची नावं टाकून चाचणी घेतली तर काय बिघडलं? मी म्हणते, हजेरी क्रमांक टाका. १७ नंबरला भागाकार येत नाही हे तुम्हाला कळलं की पुरे, ते नावानिशी कुठल्यातरी दूरच्या संगणकाला कशाला कळायला हवं?

भोरच्या त्या सभागृहात मी वर्षभरानं पुन्हा गेले. या वेळी पिशवीत कार्डशीटचे चौकोन होते, प्लिकर्सचे. ज्यांनी पाहिले नसतील त्यांच्यासाठी सांगते: प्रत्येकीच्या हातात एक कार्ड, त्यावर काळ्या चौकोनांची एक आकृती, प्रत्येक कार्डावरची वेगळी. कार्ड चार बाजूंनी धरता येतं, जी बाजू वर ते तुमचं उत्तर. शिकवणाऱ्यानं आपल्या फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवायचा, सगळ्यांची उत्तरं क्षणात टिपली जातात. पर्यायांची अक्षरं कार्डावर इतकी बारीक असतात की शेजारणीला दिसत नाहीत, आणि प्रत्येक आकृती वेगळी असल्यानं नक्कल करून उपयोग नाही. शिकणाऱ्यांना फोन लागत नाही, खातं लागत नाही, इंटरनेट लागतं ते एकट्या माझ्या फोनला. कार्डं संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतात. टिळक रोडवरच्या झेरॉक्सवाल्यानं मला जाड कार्डशीटवर ४० छापून दिली. लॅमिनेशन करू नका हे मात्र अनुभवाचे बोल, ट्यूबलाइटचा उजेड चमकतो आणि कॅमेऱ्याला आकृती दिसत नाही.

पहिला प्रश्न टाकला: सात महिन्यांच्या बाळाला दिवसातून किती वेळा वरचं अन्न द्यावं? सभागृहभर कार्डं वर गेली. मी फोन फिरवला. निम्म्याहून जास्त जणींनी "एकदा" म्हटलं होतं. बरोबर उत्तर दोन ते तीन वेळा. हाच आकडा मला हवा होता. हात वर करा म्हटलं असतं तर पर्यवेक्षिकांकडे बघत सगळ्यांनी एकच उत्तर दिलं असतं. कार्डामागे तोंड लपतं, खरं उत्तर बाहेर येतं. मग भांडण जुंपलं, चांगलं अर्धा तास. आईचं दूध चालू असताना कितीदा? पोर झोपूनच राहतं त्याचं काय? रानात कामाला जाणाऱ्या आईनं काय करावं? मी खुर्ची ओढून बाजूला बसले.

त्या वयस्क ताई मात्र त्या तुकडीत नव्हत्या. चौकशी केली, तर निवृत्त झाल्या होत्या.

मराठीचा प्रश्न मी तिसऱ्या रकान्यात लिहिते, पण मनात त्याची जागा बरीच वर आहे. आमच्याकडचं जुनं प्रशिक्षण साहित्य आप्पा बळवंत चौकाच्या आसपास डीटीपी केलेलं, जुन्या फॉन्टमधलं. त्या फॉन्टनी देवनागरी अक्षरांना इंग्रजी अक्षरांच्या खुर्च्यांवर बसवलं होतं. फॉन्ट असेल तोवर मराठी दिसायचं, फाइल दुसऱ्या यंत्रावर गेली की कंस, टक्के आणि इंग्रजी अक्षरांचा चिवडा. युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिपींसाठी ठरवलेल्या संगणकी मानकात, देवनागरीला तिची स्वतःची जागा १९९१ पासूनच आहे, आणि ज्या शहरात १९८८ पासून सी-डॅक आहे, भारतीय भाषा संगणकावर आणण्याचं एवढं काम जिथे झालं, त्याच शहरात आम्ही कितीतरी वर्षं तो चिवडा एकमेकांना ईमेलनं पाठवत राहिलो. एका पुस्तिकेची ६४ पानं मी पुन्हा टंकलेली आहेत. म्हणून आता कुठलंही नवं साधन आलं की मी त्यात एकच ओळ टाकते, "गावातल्या ताऱ्यांकडे बघत दुसऱ्या अ‍ॅल्युमिनियमच्या ताटात उपम्याची उष्टी शितं गोळा केली." अर्थ काही नाही. पण "ऱ्या" फुटला, "ष्टी" तुटली, "अ‍ॅ" चौकोन होऊन बसला, की तिथेच कळतं. लच्या आणि शच्या मराठी वळणाकडेही बघते. हिंदी वळणाचा ल दिसला तर कुणी मरत नाही, पण पहिलीच्या पाठ्यपुस्तकात मूल जे अक्षर गिरवतं, तेच त्याला पडद्यावर दिसावं एवढी अपेक्षा मला अवाजवी वाटत नाही. एकटाइप या फॉन्ट बनवणाऱ्या गटाचा "मुक्त" हा फॉन्ट मी सर्रास वापरते. मुक्त परवान्यावर आहे, म्हणजे पुस्तिकेबरोबर तो बिनधास्त पुढे देता येतो.

आणि मग साधनं मरतात, त्याचं काय करायचं?

बालचित्रवाणी आठवते का तुम्हाला? सेनापती बापट रस्त्यावर बालभारतीच्या आवारात १९८४ मध्ये ती संस्था सुरू झाली. दूरदर्शनवर तिचे कार्यक्रम लागायचे, शाळेत एकच टीव्ही, कुलूपबंद कपाटात, आणि तो उघडला की सगळ्या तुकड्या एका वर्गात. २०१७ मध्ये ती बंद झाली. सरकारनं चालवलेलं, मराठीतलं, मुलांसाठीचं साधन बंद होऊ शकतं, तर समुद्रापलीकडच्या कंपनीचं का नाही होणार? विकिस्पेसेसवर जगभरच्या शिक्षकांनी पानं लिहिली, २०१८ मध्ये ते मिटायला लागलं. शिक्षक जिथे आपले वर्ग चालवायचे ते एडमोडो २२ सप्टेंबर २०२२ ला बंद झालं. टाळेबंदीत कितीतरी वर्ग ज्या फळ्यावर भरले तो गूगलचा जॅमबोर्ड ३१ डिसेंबर २०२४ ला. कंपन्यांनी सूचना आधी दिल्या होत्या, तो भाग वेगळा. सूचना वाचायला वेळ असणारा शिक्षक कुठे असतो?

माझंही गेलंय. एका संकेतस्थळावर तीन वर्षं शिक्षकांनी आपल्या वर्गातले अनुभव लिहिले होते, छोटी टिपणं. एकीनं मुलांना ओढ्याच्या पाण्याची खोली काठीनं मोजायला लावली होती त्याचं टिपण, एकानं बाजाराच्या दिवशी वर्ग बाजारात नेला त्याचं. मोफत योजना बदलली, मी खात्यात बरेच महिने गेले नव्हते, गेले तेव्हा पान कोरं. त्यातल्या दोघा-तिघांना फोन करून मी पुन्हा लिहाल का विचारलं. लिहू म्हणाले. दुसऱ्यांदा ते तसं लिहिलं जात नाही.

आता कार्यशाळा संपली की त्याच रात्री, कितीही दमले असले तरी, सगळं उतरवून घेते. जे साधन आपलंच लिहिलेलं आपल्याला साध्या फाइलमध्ये परत देत नाही ते मी वापरत नाही, मग ते कितीही देखणं असो. टिपणांची एक प्रत छापून शाळेत ठेवायला देते. कपाटातल्या कागदाला वाळवी लागेल, पण कागद योजना बदलत नाही.

काही लोकांनी तर इंटरनेट लागूच नये अशी साधनं घडवली आहेत, त्यांच्याबद्दल मला विशेष माया आहे. कोलोरॅडो विद्यापीठात कार्ल वायमन यांनी २००२ मध्ये फेट सुरू केलं, आदल्याच वर्षी त्यांना भौतिकीचं नोबेल मिळालं होतं. पडद्यावर करून बघायचे विज्ञानाचे प्रयोग, त्यातले पुष्कळ मराठीत आहेत, एकदा उतरवून घेतले की इंटरनेटशिवाय चालतात. किविक्सवर अख्खा मराठी विकिपीडिया एका फाइलमध्ये येतो, पेनड्राइव्हनं या शाळेतून त्या शाळेत जातो. नसरापूरच्या पुढे, वेल्ह्याच्या वाटेवरच्या एका शाळेत मी गुरुवारी गेले होते, देखभालीसाठी वीज बंद, रेंज तर तिथे एरवीही अंगणातल्या एका दगडावर उभं राहिल्यावरच. लॅपटॉपच्या बॅटरीवर आम्ही फेटचं विद्युत मंडल उघडलं. पाचवीतली पोरं पडद्यावर बल्ब पेटवत होती आणि खऱ्या बल्बला वीज नव्हती, याची त्यांना फार गंमत वाटली. मग मी पिशवीतून सायकलच्या व्हॉल्व्हची नळी आणि आगकाड्या काढल्या. अरविंद गुप्तांनी होशंगाबादच्या विज्ञान कार्यक्रमात १९७८ मध्ये शोधलेलं ते जोडणीचं खेळणं. आयुका या पुण्यातल्या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत ते अशी खेळणी करून दाखवायचे, तिथल्या बैठकीत मी ते पहिल्यांदा हातानं केलं होतं. त्यांच्या संकेतस्थळावर हजारो पुस्तकं आणि खेळण्यांची चित्रं कुणीही उतरवून घ्यावीत अशी ठेवलेली आहेत. नाव विचारत नाहीत, नंबर मागत नाहीत. दुपारभर मुलं त्रिकोण, चौकोन, घर, तंबू करत बसली. लॅपटॉपची बॅटरी संपली ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

गेल्या महिन्यात संध्याकाळी फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता. भोरच्या दुसऱ्या तुकडीतल्या एक सेविका होत्या. गावात माता बैठक घ्यायची होती, पंचवीसेक आया येणार. "मॅडम, ती कार्डं होती ना, काळ्या ठिपक्यांची, ती मला माझी माझी घेता येतील का हो? म्हणजे तुम्हाला न बोलावता."

मी म्हटलं, का नाही, कार्डं झेरॉक्सच्या दुकानात छापून मिळतील, भोरला चौकातच सांगा, जाड कागदावर हवीत म्हणून.

"ते होईल. पण माझ्या फोनवर चालेल का?"

फोन कोणता, मी विचारलं. त्यांनी सांगितला. मी उठून पिशवीतून तडकलेल्या काचेचा तो फोन काढला, मागे वळवून नाव वाचलं. तोच होता.

"चालतं ताई," मी म्हटलं. "कॅमेरा जरा जवळ न्यावा लागतो, दोन खेपांत फिरवा, आणि दिवा मागे येईल असं बसवू नका त्यांना."

"थांबा, थांबा मॅडम," पलीकडून वहीची पानं उलटल्याचा आवाज आला, कुणालातरी पेन मागितलेलं ऐकू आलं. "हां, सांगा आता. पहिल्यापासून सांगा."